गाडीला अर्थ नाही

“काका, तुमच्या गाडीला अर्थच नाय,” हे वाक्य गाडीखालून आले. बोलणाऱ्याचे मला फक्त पाय दिसत होते. टाचांना भेगा, घोट्यापर्यंत सुकलेली वाळू आणि अंगठ्याच्या नखात काळे ग्रीस. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. ‘अर्थ लागत नाही’ हा शेरा मुलांच्या निबंधांवर लाल शाईने मी इतक्या वेळा मारला आहे, की निवृत्तीनंतर तोच शेरा कोणी पाठीवर झोपून मला ऐकवील असे कधी वाटले नव्हते. गॅरेजच्या भाषेतला अर्थ मला ठाऊक होता. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून, पंख्यातून, फ्रीजमधून गेल्यावर ज्या वाटेने बॅटरीकडे परत येते, ती वाट म्हणजे अर्थ. मोटारीत ती बहुधा गाडीच्या लोखंडी अंगातूनच जाते. ती आहे, असे मी धरून चाललो होतो. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत सात महिने मी मिनीबसचे घर केलेल्या त्या गाडीत एकेक नवी वस्तू बसवत होतो, आणि या मुलाने दहा मिनिटांत मला सुरुवातीला नेऊन उभे केले.

आदल्या आठवड्यात एका रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली होती, ती आवाजाने नव्हे तर आवाज थांबल्याने. गाडीत झोपणाऱ्या माणसाला थोड्याच दिवसांत तिच्या सगळ्या कुरकुरी पाठ होतात. छतावरचा पंखा, नळ सोडल्यावर थरथरणारा पंप, आणि या सगळ्यांच्या खाली तानपुऱ्यासारखी सतत लागलेली फ्रीजच्या कॉम्प्रेसरची घरघर. तानपुरा थांबला आणि आंजर्ल्याच्या समुद्राची गाज एकदम अंथरुणापाशी आली. मिनिटभराने ‘टक्’ असा आवाज झाला, कॉम्प्रेसर दोन-तीन सेकंद धापला आणि पुन्हा गप्प झाला. पुन्हा मिनिटभर गाज, पुन्हा टक्. पत्नी जागीच होती. “अहो, इन्सुलिन,” एवढेच ती म्हणाली. तिची न उघडलेली इन्सुलिनची पेने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. दार उघडले नाही तर फ्रीज पहाटेपर्यंत थंडावा धरील हे दोघांनाही माहीत होते, तरी तिने उठून मातीचे मडके ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवले. देशावर मडके छान गार होते. कोकणात हवाच पाण्याने भरलेली असते, मडक्याचे पाणी उडून जाणार कुठे? ते नुसतेच घामेजून बसते. त्या रात्री आम्ही तिघेही, म्हणजे ती, मी आणि मडके, तसेच बसलो होतो.

सकाळी ऊन चढले आणि काही घडलेच नाही अशा थाटात फ्रीज चालू झाला.

ही गाडी का घेतली असे कोणी विचारले की मी ‘हौस’ म्हणून सांगतो. खरे कारण ३ जून २०२० हे आहे. त्या दिवशी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आत शिरले आणि इकडे दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्या आडव्या करून गेले. मी पुण्यात फोन लावत बसलो होतो. मोबाइलचे टॉवर बंद, विजेचे खांब पडलेले. आंजर्ल्याच्या काकीशी बोलणे झाले ते पाचव्या दिवशी. हर्णैचा कोणी मुलगा बोटीतली बॅटरी मोटारसायकलला बांधून वाडीत घेऊन आला होता, तिच्यावर सगळ्यांचे मोबाइल चार्ज करून देत होता, आणि जिथे रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन लोक आपापल्या चाकरमान्यांना खुशाली कळवत होते. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. “कौले गेली, पोफळी गेल्या, नारळ तेरा गेले,” काकीने एका दमात सांगून टाकले, आणि मग त्या बॅटरीवर रात्री ओटीवर लागणाऱ्या एका बत्तीविषयी ती बराच वेळ बोलत राहिली. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर स्वतःची वीज, स्वतःचे पाणी आणि स्वतःचा गॅस बरोबर घेऊन जाणारे घर असावे, हे माझ्या डोक्यात बसले ते त्या बत्तीमुळे. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि माझ्या खुळाला एक प्रतिष्ठित नाव मिळाले.

२०२२ च्या अखेरीस एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचे घर करून देणाऱ्या एका शहरी वर्कशॉपकडे सोपवली. काम देखणे झाले. सागवानी रंगाची कपाटे, उघडमीट होणारे टेबल, खिडक्यांवर लाकडी पट्ट्या. वायरिंग मी पाहिली नाही, कारण ती प्लायवूडच्या मागे होती आणि प्लायवूड फारच सुंदर होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत किरकोळ दुखणी निघाली. सगळे नळ बंद असताना पंप रात्री अधूनमधून दोन सेकंद आपोआप चाले; पाइपातला दाब उतरत होता म्हणजे कुठेतरी पाणी झिरपत होते, आणि शेवटी सिंकखालचा एक वॉशर सापडला. गॅसचे जोड साबणाच्या फेसाने तपासायला शिकलो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती बाहेर पडण्याची जाळी तळाशी हवी, वर नव्हे, हे वर्कशॉपला सांगून करून घेतले. या दोन-तीन विजयांनी माझा आत्मविश्वास नको तितका वाढला, हे आज कबूल करायला हवे.

मार्चमध्ये फ्रीज पहिल्यांदा रात्री बंद पडला, तेव्हा मी निदान करायला पाच मिनिटेसुद्धा घेतली नाहीत. गाडीत १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी होती, शिशाची, पाणी घालावी लागणारी. अशी बॅटरी पूर्ण भरून स्वस्थ असली की १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२.२ पर्यंत आली म्हणजे निम्मी संपली असे समजावे; त्याखाली वरचेवर उतरवली तर तिचे आयुष्य घटते. माझा मीटर १२.२ दाखवत होता. झाले तर मग, बॅटरी अपुरी आहे. मी अनेक संध्याकाळ व्हिडिओ पाहत होतोच, आणि सगळे व्हिडिओ एकाच तीर्थाकडे नेत होते. एका दुचाकीच्या किमतीइतके पैसे मोजून मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या आणल्या.

त्या बसवल्याचा आनंद मी लपवणार नाही. ३.२ व्होल्टचे चार सेल एकामागे एक, मिळून १२.८, वजन जुन्या बॅटरीपेक्षा कितीतरी हलके, पाणी घालणे नाही, आम्लाचा वास नाही, आणि जवळजवळ तळापर्यंत वापरली तरी तक्रार नाही. सोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत इशारा होता की शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करू नये. मे महिन्यात, अंगाला बनियन चिकटलेले असताना, आंजर्ल्याच्या अंगणात तो वाचून आम्ही पोट धरून हसलो. दुसरा इशारा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता: अशी बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते, त्यामुळे इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये प्रवाहाला मर्यादा घालणारा एक चार्जर बसवला. मग त्याला जाडी तार, मग तिला फ्यूज. एक वस्तू आणली की ती आपल्या भावंडांना बोलावून घेते. फ्रीज रात्रभर चालू लागला आणि मी दुखणे गेले असे जाहीर केले.

सूर्याचे पॅनेल आधीपासून होते. मी ते बदलून ३३० वॉटचे मोठे केले आणि त्याच्या जोडीला चांगला, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा एमपीपीटी जातीचा कंट्रोलर बसवला. इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. काकीच्या अंगणात पूर्वी अकरा वाजतादेखील उन्हाचे कवडसेच पडत. नारळाच्या एका झापाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या भागातल्या सेलची सगळी ओळ बाद होते, कारण पॅनेलमधले सेल माळेसारखे एकात एक गुंफलेले असतात. पॅनेलच्या तीन भागांपैकी एक भाग तर सहज जातो. म्हणजे २०२० च्या आधी माझे हे पॅनेल या अंगणात निरुपयोगी ठरले असते. आज ते दुपारी भरभरून वीज देते, कारण वर नारळ नाहीत. ऊन मोजताना मला दर वेळी ते तेरा नारळ आठवतात. काकीने त्यांच्या जागी नवी रोपे लावली आहेत, आणि ती माझ्या डोक्याएवढी झाली म्हणून ती मला कौतुकाने दाखवते तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या सावलीचा कोन मोजतो. याची लाज वाटते, पण मोजतो. शिवाय ऊन पुष्कळ असले म्हणजे वीज पुष्कळ, असेही नाही. तापलेल्या छतावर पॅनेल ६० अंशांपर्यंत गेले की त्याचे उत्पन्न १४ टक्क्यांच्या आसपास घटते. वर खाऱ्या हवेचा चिकट थर, त्यावर तांबडी धूळ आणि त्यावर कावळ्यांची सही. दर चार दिवसांनी शिडी लावून पुसणे आले.

पावसाळ्यात गाडी त्याच अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस घेणारा हा प्रदेश. ताडपत्री वरचे पाणी अडवते, आणि खालची ओल मात्र जिवापाड जपून ठेवते. त्याआधी मे महिन्यात मी आणखी एक पराक्रम केला होता. ओहोटीच्या वेळी घट्ट पुळण पाहून मोह झाला आणि गाडी सरळ किनाऱ्यावर नेऊन सूर्यास्ताचे फोटो काढले. चाकांनी उडवलेले खारे पाणी गाडीच्या पोटाला कुठेकुठे लागले असेल याचा विचार त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही परत आलो आणि फ्रीज परत बंद पडला.

आता मात्र माझ्यापाशी साधने होती. बॅटरीत किती वीज उरली आहे ते टक्क्यांत सांगणारा मीटर मी मेमध्येच बसवला होता. शिशाची बॅटरी मनातले तोंडावर दाखवते; तिचा व्होल्टेज उतरत जातो आणि आपल्याला कळते. लिथियमची बॅटरी अर्धी संपली तरी १३.२ वरून फारशी हलत नाही, त्यामुळे तिच्या आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट लागतो. तो परतीच्या तारेत बसवतात. माझा मीटर संध्याकाळी शंभर टक्के दाखवी आणि सकाळीही अठ्ठ्याण्णव. मे महिन्यात दहा दिवस मी आमच्या फ्रीजच्या काटकसरीचे येईल त्याच्यापाशी कौतुक केले होते. रात्रभर चालणारा कॉम्प्रेसर दोनच टक्के खातो हे शक्य आहे का, असा प्रश्न शाळेतल्या एखाद्या मुलाने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. स्वतःला मात्र तो विचारला नाही.

मी मल्टिमीटर घेऊन फ्रीजच्या मागे बसलो. फ्रीजच्या दोन टोकांवर १३.२. बॅटरीवर १३.२. एका दशांशाचाही फरक नाही. तार ठीक, बॅटरी ठीक, म्हणजे फ्रीजच बिघडला, असे माझ्या तर्काचे तिसरे पाऊल तयारच होते, आणि नव्या फ्रीजच्या किमती पाहणे मी सुरूही केले होते. पत्नी भाकरी थापता थापता म्हणाली, “दिवसा चालतो नि रात्रीच बंद पडतो, तर फ्रीज बिघडला कसा?” मी तिला व्होल्टेज आणि प्रवाह यांतला फरक समजावून सांगितला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’चे भाषांतर इथे करत नाही.

दुसऱ्या दिवशी मासळी आणायला आम्ही खाडीवरच्या पुलावरून हर्णैला गेलो. लिलावाची वेळ होती. बोटी पाण्यात लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात शिरून टोपल्या घेऊन येत होत्या, बैलांच्या पोटापर्यंत लाटा, आणि हवेत मासळी, डिझेल आणि ओल्या जाळ्यांचा असा वास, की तो दोन दिवस कपड्यांतून जात नाही. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून अडीच महिने झाले होते, म्हणजे बोटींच्या दुरुस्त्यांची मोठी घाई सरली होती. किनाऱ्यालगतच्या एका टपरीत एक मुलगा नाखव्याच्या शिव्या शांतपणे ऐकत डाव्या बाजूच्या लाल दिव्याचा होल्डर घासत होता. बाजूला बॅटऱ्यांची उतरंड. पत्नी तिथे थांबली. “बोटीतपण फ्रीज असतो का रे, बॅटरीवरचा?” तिने विचारले. “बर्फ असतो,” तो म्हणाला. “पण बाकी सगळं असतं. काय झालंय?” तिने सांगितले. माझ्या सात महिन्यांच्या उपचारांपैकी तिने एकही सांगितला नाही. रात्री बंद, दिवसा चालू, टक् करून थांबतो, एवढेच सांगितले. त्याने एकच विचारले: “अर्थ बॉडीला मारलाय काय?”

तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच्याकडे मीटर होता, पण त्याने पिशवीतून काढला तो मोटारीच्या हेडलाइटचा एक जुना बल्ब, दोन लांब तारा डाखलेला. आधी त्याने मला बोटातली अंगठी काढायला लावली. लिथियमच्या दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर बोट हाडापर्यंत भाजते, हे त्याने ‘हात धुवून घ्या’ म्हणावे तितक्या सहज सांगितले. मग बल्बची एक तार फ्रीजच्या अधिक टोकाला आणि दुसरी उणे टोकाला लावली. बल्ब लागला, पण देवघरातल्या निरांजनाइतका. “आता ही लांब तार सरळ बॅटरीच्या मायनसला धरा.” मी धरली. बल्ब असा पेटला की गाडीतल्या सगळ्या सागवानी कपाटांवर दुपार झाली. अधिकची तार चांगली होती, परतीची वाट मेली होती. हे दोन सेकंदांत, एकही आकडा न वाचता, माझ्यासारख्यालाही दिसले.

माझा मीटर खोटे बोलला नव्हता. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, आणि गंजलेल्या जोडातून एक केसभर वीज जात असली तरी त्याला व्होल्टेज पूर्ण दिसतो. फ्रीज बंद पडल्यावर मी मोजायला बसे, तेव्हा तारेतून प्रवाहच नसे. प्रवाह नाही म्हणजे घट नाही. चालू असताना मोजा, असे म्हणून त्याने कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी फ्रीजच्या मायनसवर धरली. तिथे शून्य यायला हवे. आले २.३. पाच अँपिअर ओढणाऱ्या फ्रीजला बॅटरीतले १३.२ व्होल्ट पोचेपर्यंत १०.९ च्या घरात उरत होते, आणि अकराच्या खाली गेले की तो स्वतःच्या बचावासाठी थांबतो. दिवसा पॅनेल चौदाच्या जवळ व्होल्टेज नेते, म्हणून तो कसाबसा तग धरी. आणि मार्चमध्ये? तेव्हा हीच घट सव्वा-दीड व्होल्ट असणार. शिशाच्या बॅटरीच्या १२.२ ला ती झेपली नाही, लिथियमच्या १३.२ ने ती पोटात घातली. नव्या बॅटरीने रोग बरा केला नव्हता, त्याला एक पावसाळाभर वाढायला सवड दिली होती.

तो पुन्हा गाडीखाली गेला, आणि मघाचे ते वाक्य आले ते तेव्हा. नंतर त्याने मला मागच्या चाकाच्या कमानीपाशी बोलावले, एक प्लायवूडची फळी सोडवली आणि टॉर्च मारली. फ्रीज, पंखा आणि मागचे दिवे या सगळ्यांच्या उणे तारा एका थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपणात, गोळा करून एका साध्या पत्र्याच्या स्क्रूने गाडीच्या पत्र्यात पिळलेल्या होत्या, पत्र्याचा रंगही न खरवडता. स्क्रू फुगून तांबूस भुगा झाला होता, थिंबलवर हिरवा-निळा फुलोरा आला होता, आणि भोवतीचा पांढरा रंग भाजून तपकिरी झाला होता. “हात लावून बघा.” मी बोट लावले आणि लगेच काढले. पाच अँपिअर आणि २.३ व्होल्ट, म्हणजे साडेअकरा वॉट उष्णता त्या चण्याएवढ्या जागेत, प्लायवूडला चिकटून, कॉम्प्रेसर जेवढा वेळ चाले तेवढा वेळ. फ्यूज यातून वाचवत नाही; प्रवाह वाढला तर तो उडतो, आणि इथे प्रवाह वाढतच नव्हता. ज्या रात्री फ्रीज बंद पडला म्हणून मी त्याला नावे ठेवत होतो, त्या रात्री त्याचे बंद पडणे हेच बरे होते, हे पत्नीच्या माझ्याआधी लक्षात आले असावे, कारण ती फळीचा काळवंडलेला कोपरा नखाने खरवडत गप्प उभी होती.

त्याने थिंबल कापून टाकले आणि तार पेरभर सोलली. आतले तांबे काळे. आणखी पेरभर, काळे. खारी ओल तारेच्या धाग्याधाग्यांतून, वरच्या प्लास्टिकला पत्ता न लागू देता, वातीतून तेल चढावे तशी वर चढते. तिसऱ्यांदा सोलली, चौथ्यांदा सोलली. प्रत्येक वेळी तो तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवी. सुमारे वीतभर तार गेल्यावर आतून नव्या पैशासारखे तांबूस धागे निघाले. मग त्याने आपली तार दाखवली, बोटींसाठीची. सोलल्यावर आत रुपेरी. “कल्हईची तार आहे,” तो म्हणाला.

कल्हई हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला. आमच्या लहानपणी याच अंगणात वर्षातून दोनदा कल्हईवाला येई. जमिनीत खड्डा, त्यात निखारे, चामड्याचा भाता. आजी घरातली पितळी पातेली, तांब्याचे तपेले काढून देई. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकी, नाक झोंबणारा पांढरा धूर उठे, आणि कथलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्याने भांड्यातून असा फिरे की पिवळे भांडे आतून बघता बघता चांदीचे होई. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवायचे नाही, ताक कळकते, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवले होते. कळकणे या शब्दाचा अर्थ पुढे तीस वर्षे मी वर्गात सांगत आलो, आणि माझ्याच गाडीतले तांबे कळकत होते तेव्हा मी वर लिथियम बसवत होतो. त्या मुलाने कल्हईवाला पाहिलेला नाही. त्याला हा शब्द त्याच्या उस्तादाकडून, तारेबरोबरच मिळाला.

बोटींचे शास्त्र त्याने काम करता करता सांगितले, तेही फारसे न बोलता. लाकडातून किंवा फायबरमधून वीज परत येत नाही, म्हणून बोटीत प्रत्येक दिव्याला दोन तारा, जायची आणि यायची. गाडीवाले यायची तार वाचवतात, कारण पत्रा फुकट मिळतो. पत्र्याचे लोखंड, त्यावर स्क्रूचे जस्त, त्यावर थिंबलचे तांबे; मध्ये मिठाचे पाणी आले की तिघांची स्वतःचीच एक बॅटरी होते आणि त्यात दुबळा धातू खाल्ला जातो. बोटीच्या पंख्यापाशी मुद्दाम जस्ताचा तुकडा बांधतात तो याचसाठी, की खायचेच असेल तर त्याला खावे. पुण्यातल्या रस्त्यावर तो स्क्रू कदाचित दहा वर्षे टिकला असता. वर्कशॉपला मी फोन केला तेव्हा तिकडच्या गृहस्थांनी नेमके हेच सांगितले, “आजवर कोणाची तक्रार नाही,” आणि मला त्यांच्यावर पुरते रागावताही आले नाही. पुळणीवर गाडी मीच घातली होती.

दोन दिवस काम चालले. मागे तांब्याची एक पट्टी बसली, सगळ्या परतीच्या तारा तिच्यावर आल्या, आणि तिथून १६ चौरस मिलिमीटरची एकच जाड तार बॅटरीकडे गेली. फ्रीजची अधिकची तार अडीचची होती, ती सहाची झाली. प्रत्येक थिंबल दाबून, वर आतून गोंद असलेली नळी तापवून आवळली. गाडीच्या पत्र्याकडून बॅटरीकडे येणारी जुनी तार शंटच्या बाजूने न जाता थेट बॅटरीच्या टोकाला जोडलेली होती, हेही निघाले. म्हणजे मीटरने फ्रीजचा खर्च कधी मोजलाच नव्हता. ज्याच्या काटकसरीचे मी कौतुक करत होतो त्याचा हिशेबच वहीत नव्हता. शेवटी फ्रीज चालू करून पुन्हा तीच मोजणी केली. २.३ च्या जागी ०.०४. साहित्य आणि मजुरी मिळून जो आकडा त्याने सांगितला तो बॅटऱ्यांच्या पावतीवर भरलेल्या जीएसटीपेक्षा कमी होता. काकीने त्याला चहा दिला आणि निरखून पाहत म्हणाली, “वादळात बॅटरी घेऊन आला होतास तो तूच ना रे?” तो बशीत चहा ओतत म्हणाला, “मी नाय, माझा भाऊ. बॅटरी माझी होती.”

जाताना त्याने सांगितले की बाकीचे जोडही एकदा उघडून बघा, पुढच्या पावसाच्या आधी. एवढ्यासाठी मला बोलवू नका. मी वहीत यादी केली. दिवे, पंखे, पंप, कंट्रोलर, फ्यूजची पेटी धरून गाडीत बेचाळीस जोड आहेत. रोज सकाळी दोन, असा नेम धरला. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा, जोड सोडवायचा, घासायचा, ग्रीस लावायचे, आवळायचा, वहीत खूण करायची. नवे काही विकत आणायचे नाही, फोटो काढण्यासारखे काही नाही. पहिल्या चार दिवसांत कंटाळा आला. उघडले त्यांतले सात हिरवे निघाले. एकोणतीस जोड झाले आणि तिसावा, पंपाचा, पाण्याच्या टाकीच्या मागे निघाला. तिथे माझा हात जात नाही. मनगट अडकते. मी पडून, कुशीवर वळून, चमच्याला पाना बांधून प्रयत्न करून पाहिले. पत्नी दारात उभी राहून ते थोडा वेळ बघत होती. मग तिने दोन्ही हातांतल्या पाटल्या काढल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या, “सरका,” म्हणाली, आणि कोपरापर्यंत हात आत घातला.